आजोबा बदलले

मेलेल्या माणसाची जागा कोणी घ्यावी, हा प्रश्न राजवाड्यांत, मठांत आणि पेढ्यांवर फार जुना आहे, आणि त्याची उत्तरेही तितकीच जुनी आहेत. राजाच्या मागून राजपुत्र गादीवर बसतो, महाराजांच्या मागून पट्टशिष्य मठाची सूत्रे हाती घेतो, आणि पेढीवरचे शेठजी कैलासवासी झाले म्हणजे त्यांची तसबीर भिंतीवर लागून चिरंजीव खालच्या गादीवर टेकतात. लोक चार दिवस हळहळतात, पाचव्या दिवशी नव्या धन्याला नमस्कार करतात, आणि जग पुढे चालू लागते. परंतु रोज रात्री घरोघर दूरचित्रवाणीवर चालणाऱ्या एखाद्या मालिकेतला वृद्ध नट मध्येच हे जग सोडून गेला, तर त्याच्या जागेचे काय करावे, याविषयी कोणत्याही शास्त्रात वचन सापडत नाही. निर्मात्याने आणि लेखकाने चार-दोन दिवसांत काहीतरी ठरवायचे, आणि आपण प्रेक्षकांनी ते जेवणाच्या घासाबरोबर मुकाट्याने गिळायचे, अशीच आजवरची वहिवाट आहे.

हा विषय निबंधाला शोभणारा नाही, असे कित्येक विद्वान वाचकांना वाटेल. मालिका म्हणजे रिकामटेकड्या बायकांची करमणूक, असे एक मत सुशिक्षितांत रूढ आहे. आणि मौज अशी की हे मत मांडणारे गृहस्थ कालच्या भागात काय झाले हे अचूक सांगू शकतात! मालिकांच्या कलागुणांची तरफदारी करण्याचा माझाही हेतू नाही. कथा ताणलेली असते, प्रसंग पुन्हा पुन्हा येतात, आणि एका साध्या ‘नाही’ने जो गैरसमज दूर व्हावा तो तीन महिने पुरवून पुरवून वापरला जातो, हे सर्व मला मान्य आहे. तथापि एका गोष्टीत मालिकेची बरोबरी नाटक, कादंबरी किंवा सिनेमा यांपैकी कोणालाही करता येणार नाही. ती रोज येते. नाटकातला राजा तीन तासांचा पाहुणा असतो. मालिकेतला आजोबा वर्षानुवर्षे आपल्या घरी येऊन बसतो. एवढा राबता तर हल्ली सख्ख्या नातलगांचाही राहिलेला नाही.

आमच्या सोलापूरच्या घरी हा राबता जुलै 2019 मध्ये सुरू झाला. झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका त्या महिन्यात लागली. सुनेने पुढाकार घेऊन आपल्या विधवा सासूचे दुसरे लग्न लावून द्यावे, असा तिचा विषय. सासू आसावरीचे काम निवेदिता सराफ यांचे, तिच्याशी लग्न करणाऱ्या बल्लवाचार्यांचे गिरीश ओक यांचे, आणि सुनेचे तेजश्री प्रधान यांचे. परंतु आमच्या घरातले खरे आकर्षण निराळेच होते. आसावरीचे सासरे, दत्तात्रेय कुलकर्णी नावाचे तापट, खादाड आणि मनाने निर्मळ असे आजोबा, हे त्या मालिकेत रवी पटवर्धन होत होते. नातवावर रागावले म्हणजे ते ‘कोंबडीच्या’ अशी शिवी हासडीत, आणि ती शिवी अल्पावधीत महाराष्ट्रातल्या बाळगोपाळांच्या तोंडी बसली.

माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा स्वभाव त्या आजोबांशी इतका जुळता होता की पहिल्या आठवड्यातच दोघांचे भांडण जुंपले. पडद्यावर आजोबा सुनेला काही टाकून बोलले की इकडून दादा त्यांना दटावीत, “अहो, ती दिवसभर राबते, जरा दमाने घ्या!” आणि लगेच स्वयंपाकघराकडे वळून वहिनींना विचारीत, “चहाचे काय झाले?” वहिनी चहाचा पेला पुढे ठेवीत आणि म्हणत, “तुमचे आणि त्या आजोबांचे चांगले जमेल.” दादांची नात चिमी तेव्हा चार वर्षांची होती. ती दादांच्या मांडीवर बसून मालिका पाही. कथा तिला कितपत कळत होती कोण जाणे. परंतु पडद्यावरचे एक आजोबा आणि पाठीशी टेकलेले एक आजोबा, हा हिशेब तिला पक्का कळला होता. शेजारच्या तेलुगू मावशीही त्या वेळेला येऊन बसत. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आला. मावशी घरात तेलुगू बोलतात, बाजारात कानडी, आणि आमच्याकडे मराठी. सोलापूरच्या जुन्या पेठांत हे काही नवल नव्हे.

मग 2020 साल उजाडले. त्या सालाविषयी फार लिहावे असे मला वाटत नाही. प्रत्येक घराने आपापली वही भरून ठेवलेली आहे. मार्चमध्ये चित्रीकरणे बंद पडली आणि दूरचित्रवाणीवर जुनेच भाग पुन्हा दाखवू लागले. मे महिन्याच्या अखेरीस चित्रीकरणाला परवानगी देणारा सरकारी हुकूम निघाला, त्यात पासष्ट वर्षांवरील माणसाने चित्रीकरणाच्या जागी पाऊल टाकू नये असे कलम होते. हेतू निःसंशय दयाळू होता. परंतु ज्या माणसाचे सारे भांडवल म्हणजे त्याच्या सुरकुत्या आणि त्याचा पिकलेला आवाज, त्याला वयाच्या कारणाने घरी बसवणे म्हणजे विणकराला हात आहेत म्हणून मागाजवळ येऊ नकोस असे सांगण्यापैकी होते. सत्तर वर्षांचे एक नट उच्च न्यायालयात गेले, आणि 7 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. म्हाताऱ्या माणसालाही पोटासाठी काम करण्याचा हक्क आहे, हे त्या निकालाचे सार.

तो निकाल मी वर्तमानपत्रात वाचला, पण दादांना वाचून दाखवता आला नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दादा गेले. त्या दिवसांतल्या रिवाजाप्रमाणे त्यांना रुग्णालयातून घरी आणले नाही. पुतण्या एकटा गेला आणि एकटा परत आला. दारात कोणी जमले नाही, कोणी खांदा दिला नाही. वहिनींनी देवघरात दिवा लावला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. चिमीला मावशींच्या घरी ठेवले होते. तिला आणले तेव्हा तिने विचारले, आणि पुतण्याच्या तोंडून निघून गेले की आजोबा अक्कलकोटला गेले आहेत. त्या वेळी त्याला दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. पाच वर्षांच्या पोरीला काय सांगायचे, याची तालीम कोणाचीही झालेली नसते.

इकडे मालिकांच्या जगातही त्या वर्षी अशाच जागा रिकाम्या होत होत्या. सप्टेंबरमध्ये ‘आई माझी काळुबाई’ ही मालिका नुकती सुरू झाली होती. तिचे चित्रीकरण साताऱ्याकडे चालू असताना आशालता वाबगावकर यांना त्या रोगाने गाठले, आणि 22 सप्टेंबर 2020 रोजी साताऱ्यातच त्यांचे निधन झाले. गोमंतकातून आलेली ही अभिनेत्री 1964 सालच्या ‘मत्स्यगंधा’ नाटकात गायिली आणि महाराष्ट्राची झाली. आयुष्याच्या अखेरच्या आठवड्यातही ती तोंडाला रंग लावून उभी होती. पुढे 5 डिसेंबर 2020 रोजी रात्री ठाण्यात रवी पटवर्धन हृदयविकाराने गेले. त्यांचे वय 83 होते. बातमी सकाळी आली तेव्हा वहिनी भाजी निवडीत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “भावजी, हेही गेले?” त्या ‘ही’मध्ये जे होते त्याचा उच्चार आम्ही दोघांनीही केला नाही.

येथे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. नटाच्या मृत्यूनंतर भूमिकेचे काय होते, हा प्रश्न मराठी रंगभूमीने पूर्वी अनेकदा सोडवला आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीचे भाऊराव कोल्हटकर 13 फेब्रुवारी 1901 रोजी निवर्तले. अण्णासाहेबांच्या शकुंतलेला आणि सुभद्रेला ज्याने कंठ दिला तो कंठ नाहीसा झाला. आता पुन्हा शाकुंतल पाहण्यात काय अर्थ, असे म्हणणारे रसिक तेव्हा गावोगाव असतीलच. परंतु चार वर्षांनी, 1905 साली, त्याच मंडळीत नारायण राजहंस नावाचा एक मुलगा शकुंतला म्हणून उभा राहिला, आणि बालगंधर्व या नावाचे युग सुरू झाले. तीच गोष्ट ललितकलादर्शची. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांचा संयुक्त ‘मानापमान’ झाला. त्याला तीन महिने होतात न होतात तोच, 4 ऑक्टोबर रोजी, ऐन एकतिशीत केशवराव गेले. मंडळी बुडाली असे वाटले असता बापूराव पेंढारकरांनी ती सावरली. 1937 साली बापूरावही गेले, आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ते निशाण पुन्हा उभे केले.

या मंडळ्यांचे मुक्काम ज्या गावांत पडत त्यांत सोलापूरही असे, आणि आमच्या गावाने बदललेले नट पुष्कळ पाहिले. लोकांनी तुलना केली, नाके मुरडली, आणि तिकिटे काढली. असे का व्हावे? माझ्या मते याचे कारण असे की नाटकातली शकुंतला ही कोणा एका नटाची मालमत्ता नसते. ती कालिदासाची असते, अण्णासाहेबांची असते. तिचे पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य आधीच लिहून ठेवलेले असते. नट येतो, ते वस्त्र अंगावर घालतो, आणि खेळ संपल्यावर उतरवून ठेवतो. पुढच्याला ते थोडे सैल होते किंवा घट्ट होते, एवढेच.

मालिकेत असे वस्त्रच नसते. तिचा शेवट लेखकालाही ठाऊक नसतो. नट बोलतो तसे लेखक लिहू लागतो, आणि लेखक लिहितो तसा नट बोलू लागतो. दोन-चारशे भागांनंतर भूमिका कोठे संपते आणि माणूस कोठे सुरू होतो हे दोघांनाही सांगता येत नाही. शिवाय काही भाग आगाऊ चित्रित करून ठेवलेले असतात. त्यामुळे होते असे की सकाळी ज्याच्या निधनाची बातमी वाचावी तोच रात्री पडद्यावर बसून सुनेला भाकरी वाढायला सांगत असतो. हा अनुभव आपल्या आजोबा-पणजोबांना कधी आला नव्हता. मग एके दिवशी ते साठवलेले भाग संपतात, आणि लेखकाला कोऱ्या कागदासमोर बसावे लागते.

तेव्हा त्याच्यापुढे साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली वाट बदलीची. रीमा लागू यांनी 17 मे 2017 रोजी ‘नामकरण’ या हिंदी मालिकेचे काम केले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. त्यांची दयावंती मेहता पुढे रागिणी शाह यांनी केली. दुसरी वाट टाळाटाळीची. माणूस गावी गेला आहे, यात्रेला गेला आहे, परदेशी मुलाकडे गेला आहे, असे म्हणत दिवस काढायचे. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या मालिकेतले नट्टू काका, म्हणजे घनश्याम नायक, 3 ऑक्टोबर 2021 रोजी गेले. दुकान त्यांच्यावाचूनच चालत राहिले, आणि 2022 साली किरण भट्ट हे नवे नट्टू काका होऊन आले. हिला टाळाटाळ म्हणावे की सुतक पाळणे म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्यात थोडी माणुसकी दिसते. तिसरी वाट म्हणजे कथेतही त्या माणसाला मरू देणे. अमेरिकेतल्या ‘डॅलस’ या गाजलेल्या मालिकेत घराण्याचा मूळपुरुष जॉक याचे काम करणारे जिम डेव्हिस एप्रिल 1981 मध्ये वारले. लेखकांनी जॉकला प्रथम परदेशी कामगिरीवर ठेवले, आणि पुढे हेलिकॉप्टरच्या अपघातात नाहीसे केले. प्रेत मात्र सापडू दिले नाही. याचा परिणाम काय झाला पाहा: काही वर्षांनी, 1986 साली, मीच तो जॉक असे म्हणणारा एक तोतया कथेत उपटला. आपल्याकडच्या सदाशिवराव भाऊंच्या तोतयाची आठवण व्हावी असा हा प्रकार! मृत्यू नीट सांगितला नाही की तोतये जन्माला येतात, हा धडा इतिहासाने दिला होता तो मालिकेनेही गिरवला.

आता आमच्या आजोबांकडे येतो. मार्च 2021 मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ संपली आणि तिच्याच पुढचे कथानक ‘अग्गंबाई सूनबाई’ या नावाने सुरू झाले. कथेत काही वर्षे उलटली होती. आसावरी आणि तिचे यजमान तेच होते. मुलगा आणि सून यांची कामे मात्र नव्या नटांकडे गेली होती. आणि आजोबांच्या जागी मोहन जोशी आले होते. युक्ती म्हणून ही नामी होती. सगळेच थोडे थोडे बदलले की एकाचा बदल डोळ्यांत खुपत नाही. घराला रंग दिल्यावर भिंतीवरच्या उतरवलेल्या तसबिरीचा डाग दिसत नाही, तसे.

चिमी आता सहाव्या वर्षात होती. ती कितीतरी दिवसांनी पडद्यासमोर बसली. या वेळी मांडी वहिनींची होती. नवे आजोबा आले, सगळ्यांनी त्यांना आजोबा म्हटले, कोणाच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटले नाही. चिमीने थोडा वेळ बारकाईने पाहिले, आणि मान वर करून विचारले, “आजी, ह्यांचे आजोबा बदलून आले. आपले अक्कलकोटहून कधी येणार? तेपण असे बदलून येतील?”

खोलीत आम्ही पाच माणसे होतो. पुतण्याने तोंड फिरवले. सूनबाई उठून उगाच आत गेली. मावशींनी पदर तोंडाशी धरला. कोणीतरी काहीतरी बोलायला हवे होते, आणि वडीलकीच्या नात्याने ते मी बोलायला हवे होते; परंतु वहिनींनी मला वेळच दिला नाही. त्यांनी दूरचित्रवाणी बंद केली. तो आवाज थांबल्यावर घर किती शांत आहे हे एकदम जाणवले. मग त्या चिमीला म्हणाल्या, “नाही बाळ. आपले आजोबा अक्कलकोटला गेलेले नाहीत. ते वारले. वारले म्हणजे परत येत नाहीत. टीव्हीतले आजोबासुद्धा वारले. हे जे आलेत ते दुसरे आहेत. त्यांनी फक्त काम घेतलेय.”

“मग आपल्या आजोबांचे काम कोण घेणार?” चिमीने विचारले.

“थोडे थोडे सगळ्यांनी घेतलेय,” वहिनी म्हणाल्या. “देवपूजा तुझे छोटे आजोबा करतात. तुला पाढे तुझे बाबा शिकवतात. आणि रागवायचे काम माझ्याकडे आलेय.”

चिमी रडली, पण फार नाही. थोड्या वेळाने तिने मावशींना विचारले की तुम्ही कोणते काम घेतले? मावशी आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाल्या, “मी तुला गोष्ट सांगते ना, ते.” आणि मग माझ्याकडे पाहून त्यांनी एक वाक्य उच्चारले ते मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, “मागावर धागा तुटला, तर माग थांबवायचा, गाठ मारायची, मग पुन्हा चालवायचा. चालत्या मागावर गाठ बसत नाही.”

ज्या एका मालिकेने हे मर्म पुरते ओळखले होते ती मोठ्या माणसांची नव्हती. अमेरिकेत लहान मुलांसाठी ‘सेसमी स्ट्रीट’ नावाचा कार्यक्रम फार वर्षे चालू आहे. त्यात कोपऱ्यावरच्या दुकानाचे म्हातारे मालक मिस्टर हूपर यांचे काम विल ली हे नट करीत. 7 डिसेंबर 1982 रोजी ते वारले. निर्मात्यांपुढे तेच पर्याय होते: दुसरा नट घ्यावा, किंवा हूपर दुकान सोडून दूरगावी राहायला गेले असे सांगावे. पाहणारी मुले चार-पाच वर्षांची. त्यांच्यापुढे मृत्यूचे नाव काढावे काय? त्यांनी बालमनाच्या जाणकारांचा सल्ला घेतला, आणि जवळजवळ वर्षभराने, 24 नोव्हेंबर 1983 रोजी, सरळ खरे तेच सांगितले. त्या कार्यक्रमातला भला मोठा पिवळा पक्षी, ज्याची समज लहान मुलाएवढीच आहे, सर्वांची चित्रे काढून आणतो आणि हूपर आले की त्यांचे त्यांना देईन म्हणतो. मोठी माणसे त्याला सांगतात की ते वारले, ते आता येणार नाहीत. आता माझे खाणेपिणे कोण बघणार, असे तो विचारतो. दुकान दुसऱ्याने सांभाळायला घेतले आहे, असे त्याला सांगतात. पण पूर्वीसारखे ते होणार नाही, हेही लपवीत नाहीत. असे का व्हावे, या त्याच्या शेवटच्या प्रश्नाला कोणीही शहाणपणाचे उत्तर देत नाही, कारण तसे उत्तर नाहीच. आमच्या वहिनींनी हा कार्यक्रम कधी पाहिलेला नाही. त्यांना इंग्रजी येत नाही. तथापि सोलापूरच्या त्या खोलीत त्या रात्री त्यांनी जे केले ते नेमके हेच होते. दुःख पुरते खरे असले म्हणजे दोन टोकांची माणसे एकाच वाटेवर येतात, असे मला तेव्हा वाटले.

त्या रात्रीनंतर बदललेल्या नटाकडे पाहण्याची माझी दृष्टी निराळी झाली आहे. पूर्वी मीही इतर प्रेक्षकांप्रमाणे नव्या माणसाला जुन्याच्या तराजूत तोलीत असे. आता मला त्याची कणव येते, कारण मी स्वतःच एक बदली नट आहे. दादा गेल्यापासून लग्नपत्रिकेवर घराण्याच्या वतीने माझे नाव पडते. भाडेकरू भाडे घेऊन माझ्याकडे येतात. गणपतीची प्रतिष्ठापना मी करतो, आणि पाटावर बसलो की प्रत्येक वेळी वाटते, आता मागून कोणीतरी म्हणेल, “अरे, उठ, ती माझी जागा आहे.” घरातली माणसे मला दादांचा मान देतात, पण त्यांची दृष्टी क्षणभर माझ्या खांद्यावरून पलीकडे जाते, आणि पुन्हा माझ्यावर येते. त्या क्षणाबद्दल मला कोणाचाही राग नाही. तो क्षण नसता तर मला वाईट वाटले असते.

मोहन जोशी हे स्वतःच्या वळणाचे नट. त्यांचा आवाज वेगळा, ऐट वेगळी, रंगभूमीवरची मिळकत वेगळी. त्यांनी पटवर्धन व्हावे अशी अपेक्षा करणे दोघांवरही अन्याय झाला असता. बदली माणसाने गेलेल्याचा आवाज काढू नये. तो आपल्याच आवाजात बोलला तर लोकांना दोन माणसे मिळतात, एक आठवणीतला आणि एक समोरचा. आवाज काढू लागला तर दोन्ही हातचे जातात. मीही प्रथम प्रथम दादांसारखे खाकरून बोलण्याचा प्रयत्न करीत असे. वहिनींनी एकदा हसून विचारले, “भावजी, घसा बसलाय का?” तेव्हापासून मी तो नाद सोडला.

मालिकावाल्यांना उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. त्यांच्यामागे शेकडो माणसांचे पोट असते, आणि रोजची वेळ चुकवून चालत नाही, हे मी जाणतो. माग बंद राहिला तर मजुरी बुडते, हे सोलापूरकराला दुसऱ्याने सांगायला नको. माणूस बदलण्यातही मला गैर वाटत नाही. दुकान, मठ, नाटक मंडळी आणि कुटुंब ही सगळी बदलीच्या माणसांवरच टिकून आहेत. माझे मागणे फार थोडे आहे. श्रद्धांजलीची पाटी क्षणभर झळकवून लगेच पुढचा प्रसंग सुरू करण्याऐवजी एक रात्र माग थांबवावा. त्या घरातल्या कोणीतरी त्या खुर्चीकडे पाहावे, आणि हे बसणारे आता येणार नाहीत, एवढे वाक्य आम्हाला ऐकू द्यावे. दुसऱ्या दिवशी खुशाल नवा माणूस बसवावा. आम्ही त्याला आजोबा म्हणू.

रवी पटवर्धनांनी 1974 साली रत्नाकर मतकरींच्या ‘आरण्यक’ नाटकात धृतराष्ट्र केला होता, आणि ऐंशी ओलांडल्यावर, त्या नाटकाचे पुन्हा प्रयोग झाले तेव्हा, तोच धृतराष्ट्र त्यांनी पुन्हा उभा केला. मतकरी मे 2020 मध्ये गेले, पटवर्धन त्याच वर्षाच्या डिसेंबरात. महायुद्ध संपल्यावर उरलेली म्हातारी माणसे राजवाडा सोडून अरण्याकडे निघतात, असा त्या नाटकाचा विषय आहे. महाभारतकारांनी त्या म्हाताऱ्यांना गावी किंवा यात्रेला गेले म्हणून परस्पर नाहीसे केले नाही, त्यांच्या जागी दुसरेही आणून बसवले नाहीत. अठरा दिवसांच्या युद्धानंतर ते थांबले, आणि त्यांनी त्यांच्या जाण्याला एक पर्व दिले.